मॉडेलरच्या मागे ट्यूब पॉवर ॲम्प: गरज का नुसती हौस?

तिसरी_तार:
भांडण होणार माहितीये, तरी लिहितो. पाच वर्षं झाली हेलिक्सवर, म्हणजे गिटार ॲम्प आणि इफेक्ट्सची डिजिटल नक्कल करणाऱ्या मॉडेलरवर, गिग करतोय. आधी एफआरएफआर (आवाज जसाच्या तसा देणारा) स्पीकर होता, मग वर्षभर पायाशी मावणारा १७० वॅटचा क्लास डी (ट्रान्झिस्टरवाला) पॉवर ॲम्प, म्हणजे सिग्नल स्पीकर हलवण्याएवढा मोठा करणारा खोका, आणि माझा २x१२ कॅब (दोन बारा इंची स्पीकरची पेटी), आणि आता दोन महिन्यांपूर्वी सेकंडहँड ५०-५० वॅटचा स्टिरिओ ट्यूब पॉवर ॲम्प उचलला, चार ईएल३४ पॉवर ट्यूबवाला. माझं मत आता पक्कं झालंय, स्वतःचा कॅब घेऊन स्टेजवर जाणार असाल तर मॉडेलरच्या मागे ट्यूबच पाहिजे. घरी हेडफोनवर काही फरक नाही, तिथे वाद नाहीच. पण शेजारी ड्रमर क्रॅश हाणायला लागला की क्लास डी गायब व्हायचा, मी व्हॉल्यूम चढवायचो, मग नुसता कर्कश व्हायचा आणि गायिका वळून बघायची, ती नजर ज्यांनी झेललीये त्यांनाच कळेल. ट्यूबवर तसं होतच नाही. पाम म्यूट (तळव्याने तारा दाबून) मारला की कॅब मागून पोटरीला ढकलतो. बोला आता.

साउंडचेक_काका:
बोलतो ना. बावीस वर्षं मिक्सरच्या मागे उभा आहे, तुझी पोटरी तिकीट काढून आलेली नाही. लोकांना ऐकू येतो तो मेन पीए (हॉलचे मोठे स्पीकर), आणि तिथे तुझा हेलिक्स मला एक्सएलआर केबलमधून कॅबच्या आयआरसकट (कॅबच्या आवाजाची रेकॉर्ड केलेली छाप) येतो. मागे ट्यूब लावलीस काय नि पाणी तापवायचा बंब लावलास काय, माझ्या फेडरवर दोन्ही सारखेच. उलट तुझा कॅब जेवढा मोठा तेवढा तो व्होकल माईकमध्ये शिरतो, मग मी गायिकेला वर घेतो तेव्हा तिच्याबरोबर तूही वर येतोस, मग तुला बेस ऐकू येत नाही म्हणून तू अजून वाढवतोस. हे चक्र मी दर शनिवारी बघतो. मेटॅलिका इतकी वर्षं फ्रॅक्टलच्या मॉडेलरवर स्टेडियम वाजवते, त्यांचं काही अडलं नाही.

तिसरी_तार:
काका, मेटॅलिकाकडे मॉनिटरसाठी वेगळा माणूस असतो आणि सगळ्यांच्या कानात इन-इअर. आमच्या पबात दोन टॉप स्पीकर, एक वेज (स्टेजवरचा मॉनिटर) आणि त्या वेजमध्ये फक्त व्होकल. गिटार पीएत घेतलाच तर उपकार केल्यासारखा. तिथे पहिल्या चार टेबलांना माझा कॅबच ऐकू येतो. तुमचा मुद्दा मोठ्या स्टेजचा, माझा छोट्या स्टेजचा.

साउंडचेक_काका:
छोट्या स्टेजवर तर आवाज अजून कमी पाहिजे रे. दहा वाजले की मॅनेजर हात जोडून उभा असतो, त्या वेळी ईएल३४ चे गुणगान कोण ऐकणार?

डोंबिवली_फास्ट:
माझा आक्षेप संगीताचा नाहीच, पाठीचा आहे. ट्रान्सफॉर्मरवाला रॅक पॉवर ॲम्प, वर रॅक केस, वर कॅब, हे घेऊन संध्याकाळी ६ नंतर ठाण्याला मालडब्यात चढून दाखवा, मग ट्यूबच्या ऊबेबद्दल बोलू. बाहेरगावी विमानाने जायचं तर १५ किलोत हेलिक्स आणि कपडे बसवतानाच नाकी नऊ येतात. मी काय करतो सांगतो, फुकटातली आयडिया आहे. बॅकलाइनला (स्टेजवर आधीच ठेवलेल्या सामानात) जे ट्यूब हेड, म्हणजे कॅबशिवायचा ॲम्प, असतं त्याच्या इफेक्ट्स रिटर्नमध्ये मॉडेलर घालतो. समोरचा प्रीॲम्प (टोन घडवणारा भाग) बाजूला पडतो, पॉवर ॲम्प आणि कॅब त्यांचा, पाठ माझी शाबूत. फक्त एक जपा. काही हेडात मास्टर व्हॉल्यूम इफेक्ट्स लूपच्या आधी असतो, म्हणजे रिटर्नमध्ये घातलं की पुढचा मास्टर नुसता शोभेला आणि हेड पूर्ण उघडं. एकदा साउंडचेकला मी मास्टर शून्यावर बघून निर्धास्त ई कॉर्ड मारला, बारमधला ग्लास पुसणारा मुलगा खाली बसला. तेव्हापासून आधी हेलिक्सचा मोठा नॉब शून्य, मग बाकी सगळं.

नवा_पिक:
माझ्याकडे पण जुना ट्यूब पॉवर ॲम्प आहे, आवाज बारीक येतो आणि मधेमधे खर्रर्र करून जातो. ट्यूब बदलायच्या का? कोणत्या घेऊ?

ओहम_शांती:
@तिसरी_तार एक विचारू? तुझा २x१२ किती ओहमचा आहे?

तिसरी_तार:
१६. मागे स्टिकर आहे. का?

ओहम_शांती:
वाटलंच होतं. आता नीट वाच. क्लास डी वर लिहिलेले १७० वॅट हे ४ ओहमचे असतात. त्याच्यात आउटपुट ट्रान्सफॉर्मर नसतो, व्होल्टेजची कमाल ठरलेली, त्यामुळे ओहम दुप्पट झाले की वॅट साधारण निम्मे. ८ ला ८५ च्या आसपास, १६ ला चाळीस-बेचाळीस. म्हणजे वर्षभर तू १७० चा समजून ४० चा ॲम्प वाजवलास आणि तोही शेवटच्या टोकाला, कर्कश होणारच. ट्यूब ॲम्पला ट्रान्सफॉर्मरवर ४, ८, १६ असे टॅप असतात, बरोबर टॅप लावला की तिन्हीकडे ५० चे ५०. तू ट्यूब आणि ट्रान्झिस्टरची तुलना केलीच नाहीस, तू १६ ओहमशी भांडत होतास.

साउंडचेक_काका:
😂😂 हे माझ्या फेडरपेक्षा जोरात लागलं.

ओहम_शांती:
थांबा काका, तुमची बाजू घेत नाहीये. ट्यूबचा फरक असतो, पण लोक म्हणतात तो नाही. "पॉवर ट्यूब तापून सॅच्युरेट होतात" हे ५०-५० च्या रॅकवर पबात घडतच नाही, तेवढं चढवलं तर पोलीस येतील. खरा फरक असा की स्पीकर काही कायम ८ ओहमचा नसतो. खाली रेझोनन्सपाशी त्याचा इम्पीडन्स (ओहममधला अडथळा) कित्येक पट वर जातो आणि ट्रेबलकडे पुन्हा चढत जातो. ट्रान्झिस्टर ॲम्पला त्याची फिकीर नाही, तो सपाट व्होल्टेज देत राहतो. ट्यूबचा आउटपुट इम्पीडन्स जास्त, म्हणून तो स्पीकरच्या मागे मागे जातो, खालचा धक्का आणि वरची धार दोन्ही जरा वाढतात. तुझ्या पोटरीला लागतं ते हे.

पण गंमत पुढे आहे. हेच मॉडेलरला आकड्यांत करता येतं. फ्रॅक्टलमध्ये तर स्पीकरचा इम्पीडन्स कर्व्ह निवडायला वेगळं पान दिलंय. मग सपाट ॲम्प घ्या, पॉवर ॲम्पचं मॉडेलिंग चालू ठेवा, फक्त कॅब सिम (कॅबची नक्कल) बंद करा, स्पीकरच्या टोकाला जवळपास तेच व्होल्टेज पोचतं. आणि ट्यूब लावली तर ते मॉडेलिंग बंद करावं लागतं, नाहीतर पॉवर ॲम्पवर पॉवर ॲम्प, आमटीला दोनदा फोडणी. ते बंद केलं की तुझा व्हॉक्स एसी३० पण ईएल३४ मधून, फेंडर ट्विन पण ईएल३४ मधून. पन्नास ॲम्पचे पैसे भरून शेवटी सगळ्यांना एकाच दारातून बाहेर काढायचं, हा कुठला न्याय?

तिसरी_तार:
मी हेलिक्समधले प्रीॲम्प ब्लॉकच (पॉवर ॲम्पची नक्कल नसलेले) वापरतो, फोडणी एकदाच. आणि पन्नास ॲम्प कोण वापरतं, मी तीन वापरतो. पण ओहमचं माहीत नव्हतं, खोटं कशाला बोलू. बघतो.

व्हॉल्व्हवाला:
मी दुरुस्तीची कामं करतो, पक्षपात आधीच कबूल, माझं पोट ट्यूबवर आहे. आमच्या घरी व्हॉल्व्हचा, म्हणजे ट्यूबचाच, रेडिओ होता, बटण दाबल्यावर अर्धा मिनिट थांबायचं मग बातम्या यायच्या. तेव्हा बंगलोरला भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये व्हॉल्व्ह बनायचे, आता बाहेरूनच येतात, स्लोवाकिया, रशिया, चीन एवढीच मुख्य ठिकाणं. २०२२ ला रशियाचा माल अडकला तेव्हा माझ्याकडे दोन हेडं नुसत्या ट्यूबवाचून पडून होती. तर घेणाऱ्यांनी हा हिशोब धरा, पॉवर ट्यूब मॅच्ड जोडीत घ्यायच्या, बदलल्या की बऱ्याच ॲम्पला बायस (ट्यूबच्या स्थिर करंटची सेटिंग) बघून घ्यायचा.

पण याहून मोठं दुखणं म्हणजे आपल्याकडचं लग्न, लॉन आणि जनरेटर. ट्यूबच्या हीटरला ६.३ व्होल्ट लागतात आणि ते थेट मेनच्या ट्रान्सफॉर्मरमधून येतात. २३० चे १९० झाले की हीटरवर ५.२ उरतात. आवाज चपटा होतो, गिटारवाल्याला वाटतं पेडल बिघडलं. २६० झाले तर ७.१, मग ट्यूब आयुष्य मोजायला लागते. दुपारी २३५ दाखवणारा जनरेटर रात्री एलईडी वॉल आणि हॅलोजन लागल्यावर काय दाखवतो ते मीटर लावून बघा एकदा. क्लास डी वाले बहुतेक स्विचिंग सप्लायवर असतात, ते हा झोल बऱ्यापैकी पचवतात. मी गिऱ्हाईकाला सांगतो, ट्यूब घे, सोबत स्टॅबिलायझर घे. लोक ट्यूब घेतात, स्टॅबिलायझर घेत नाहीत, मग माझ्याकडे येतात. माझी तक्रार नाही 🙏

डोंबिवली_फास्ट:
म्हणजे अजून एक खोका. मालडबा पण पुरणार नाही.

नवा_पिक:
कोणी सांगेल का? काल प्रॅक्टिसला पण गेला आवाज.

तिसरी_तार:
आलो. रविवारी कॅब उघडला. मागची फळी, बारा स्क्रू, त्यातले दोन गंजलेले. आत ८-८ चे दोन स्पीकर सिरीजमध्ये होते म्हणून १६. सोल्डर काढून पॅरलल केले, ४ झाले, स्टिकरवर मार्करने ४ लिहिलं. मग तोच जुना १७० चा क्लास डी जोडला, तोच पॅच (हेलिक्सची सेटिंग), नॉब तिथेच, आणि ड्रमरला म्हटलं हाण. गायब झाला नाही. मला नॉब खाली आणावा लागला. तर आवाज पुरत नाही हे माझं गाऱ्हाणं मागे घेतो, जाहीर. ओहमला चहा लागू.

पण. लगेच ट्यूब जोडली, आणि हळू वाजवताना, बोटांनी, क्लीनवर, नोट सुटताना जो गोलवा येतो तो क्लास डी वर आला नाही. ड्रमरला विचारलं तर तो म्हणाला दोन्ही सेम आहेत, जेवायला कधी जायचं. मला सेम नाही वाटले. विकत नाहीये.

ओहम_शांती:
विकू नकोस, फक्त क्लास डी वर जपून, तुझे दोन व्ही३० स्पीकर म्हणजे ६०-६० मिळून १२० वॅट, तुझा ॲम्प आता खरोखर १७० देतो. आणि क्लीनचा फरक ऐकताना हेलिक्समध्ये पूर्ण ॲम्प ब्लॉक लावला होतास की तोच प्रीॲम्प ब्लॉक?

तिसरी_तार:
...तोच.

ओहम_शांती:
म्हणजे क्लास डी ला पॉवर ॲम्पचं मॉडेलिंग मिळालंच नाही. परत एकदा ऐक. आणि हो, ट्यूबच्या मागचा सिलेक्टर १६ वरून ४ वर केलास ना?

तिसरी_तार:
केला. आत्ता. हे वाचून.

साउंडचेक_काका:
आता ऐकायची टेस्ट डोळे बांधून कर, आणि नॉब गायिकेच्या हातात दे. तिचं मत मी मान्य करीन.

व्हॉल्व्हवाला:
@नवा_पिक बाळा, राहिलास तू. ट्यूबचं नंतर बघू. पॉवर ॲम्पपासून कॅबपर्यंत कोणती केबल लावलीयेस?

नवा_पिक:
गिटारचीच, जास्तीची होती एक. पिन बसते ना दोन्हीकडे.

व्हॉल्व्हवाला:
आधी ॲम्प बंद कर. ती शिल्डवाली केबल, आतली तार केसासारखी, ती स्पीकरचा करंट वाहायला नसते. तुझा आवाज तिथेच बारीक होतोय आणि खर्रर्र बहुतेक तिथूनच येतंय. वाजवता वाजवता ती पूर्ण तुटली तर ट्यूब ॲम्पला लोड राहत नाही, मग ट्यूब नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो, आणि त्याच्या पैशात तुझी दुसरी गिटार येईल. दोन जाड तारांची स्पीकर केबल आण, आज.

नवा_पिक:
काढली काका. प्लगपाशी गरम लागतेय.