बसनं मुलं फिरवली, पण मिळालं काय?

कुणीतरी लिहिलंय की अमेरिकेत काळ्या-गोऱ्यांच्या शाळा एकत्र करण्यासाठी मुलांना बसनं इकडून तिकडं नेऊन शेवटी काहीच साध्य झालं नाही. हे पटत नाही.

काळ्या-गोऱ्यांच्या सरकारी शाळा वेगळ्या ठेवणं बेकायदा ठरवणारा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा 'ब्राउन' खटल्याचा निकाल १९५४चा. पण दक्षिणेत खरी अंमलबजावणी साठच्या दशकाच्या अखेरीस झाली. मधल्या काळात व्हर्जिनियातल्या प्रिन्स एडवर्ड काउंटीनं तर एकत्र शिकवण्यापेक्षा सरकारी शाळाच बंद ठेवल्या, १९५९ ते १९६४! गोऱ्या मुलांसाठी खासगी शाळा निघाली, काळी मुलं घरी बसली. म्हणजे औषध दिलं उशिरा आणि गुण येत नाही म्हणून वैद्याला बोल.

अर्थतज्ज्ञ रकर जॉन्सन यांनी त्या काळात शाळेत असलेली मुलं मोठी होईपर्यंतची माहिती तपासली. एकत्रीकरणाच्या शाळांत जितकी जास्त वर्षं गेली, तितकं काळ्या मुलांचं शिक्षण आणि पुढची कमाई वाढलेली दिसली, तुरुंगात जाण्याची शक्यता घटली. गोऱ्या मुलांचं नुकसान झालेलं दिसलं नाही. शेजारी गोरं मूल बसलं म्हणून हे झालं नाही हो. शाळेवरचा खर्च वाढला, वर्गातली गर्दी कमी झाली.

एक गोष्ट मात्र मान्य. शाळा एक करताना बंद पडल्या त्या बहुतेक काळ्यांच्या, आणि हजारो काळ्या शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या. हा घाव फारसा कुणी मोजत नाही.

आणि डेट्रॉइट शहराच्या शाळांबद्दल सर्वोच्च न्यायालयानं १९७४मध्ये दिलेल्या 'मिलिकन' निकालानं उपनगरांना या एकत्रीकरणातून जवळजवळ मोकळं सोडलं. गोरी कुटुंबं आधीच तिकडं निघाली होती. मग शहरात बस कुणाला कुठं नेणार?