मेव्हण्यानं ओहायोत क्रॉसबोनं हरीण मारलं, आता शिंगं सोलापूरला आणतो म्हणालाय

पार्कचौकवाला:
मंडळी विषय गंभीर आहे पण हसू पण यायलंय. माझा मेव्हणा अमेरिकेत ओहायोत असतो, सॉफ्टवेअरमधे. इकडं असताना कोंबडी कापायला लागले की दुकानाबाहेर जाऊन उभा राहणारा माणूस. त्यानं ऐन नवरात्रात फॅमिली ग्रुपवर फोटो टाकला, अंगात झाडापाल्याच्या डिझाईनचं जॅकेट, हातात बंदुकीला धनुष्य जोडल्यासारखं काहीतरी, आणि पुढं आडवं पडलेलं चांगलं मोठं शिंगवालं हरीण. घरात घट बसलेले, सासूबाई रोज पहाटे रूपाभवानीला चालत जायल्या होत्या, त्यांनी फोटो बघितला आणि ग्रुपच सोडला. सासरे विचारतात पोरावर सलमानसारखी केस होती का काय.
मला एवढंच सांगा, तिकडं हे कायद्यात बसतं का? बाणानं एवढं जनावर मरतं कसं, हाल होत नाहीत का त्याचे? आणि मेन म्हणजे डिसेंबरात यायलाय तेव्हा शिंगं घेऊन येतो म्हणतो, "दाजी हॉलची भिंत रिकामी ठेवा", वर सुकवलेलं मटण पण आणतो म्हणे. आणू देऊ का नको?

अकलूजकर_ओहायो:
भाऊ मी तिकडंच राहतो आणि स्वतः शिकार करतो, त्यामुळं सविस्तर सांगतो, शिव्या नंतर घाला.
कायदेशीर आहे, पण उठलं आणि गेलं असं नाही. आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स, मग हंटिंग लायसन्स, मग हरणाचं परमिट वेगळं, दुसऱ्याच्या रानात जायचं तर मालकाची लेखी परवानगी. शिंगवाला नर अख्ख्या सीझनला माणशी एकच. धनुष्याचा सीझन सप्टेंबरच्या शेवटी सुरू होतो तो फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत चालतो, बंदुकीला त्यातले मोजकेच दिवस. ओहायोत क्रॉसबो साध्या धनुष्याच्याच सीझनमधे चालतो. सगळ्या राज्यांत असं नाही, शेजारच्या पेनसिल्व्हेनियात सगळ्यांना आर्चरी सीझनमधे क्रॉसबो वापरायची मुभा 2009 ला मिळाली.
हालाचं विचारलंस ते बरोबर विचारलंस. क्रॉसबोची दोरी ताणायला दीडशे-दोनशे पौंडाचा जोर लागतो, नुसत्या हातानं नीट सरळ ओढली जात नाही, हुकवाली दोरी लावून दोन्ही हातानं ओढायची आणि लॉक करायची. पुढं बंदुकीसारखा ट्रिगर, सेफ्टी, वर दुर्बीण. बाण सेकंदाला साडेतीनशे-चारशे फूट जातो. ऐकायला लई वाटतं पण आवाज अकराशे फुटाच्या वर जातो, म्हणजे दोरीचा फटका हरणाला आधी ऐकू येतो आणि बाण नंतर पोचतो. तेवढ्यात ते पळायच्या तयारीत खाली दबतं आणि बाण वरून जातो नाहीतर नको तिथं लागतो. म्हणून शहाणा माणूस तीस-चाळीस यार्डाच्या पुढं सोडत नाही, यूट्यूबवरच्या शंभर यार्डाच्या गप्पांवर जाऊ नका.
यंदाचं माझं सांगतो. ऑक्टोबरचा शेवट, नर माद्यांच्या मागं फिरायला लागायच्या बेतात असतात, तेव्हा दिवसाउजेडी पण दिसतात. ओळखीच्या शेतकऱ्याचं रान, एका अंगाला सोयाबीन काढून झालेलं, दुसऱ्या अंगाला ओकची झाडं, खाली ओकची फळं पडलेली. झाडाला पंधरा-सोळा फुटावर स्टँड, छातीला हार्नेस बांधायचाच, नाहीतर हरणाआधी आपण खाली. वारं माझ्याकडून ओकच्या झाडांकडं असतं तर मी चढलोच नसतो, त्याला वास आला की खेळ खलास. अंधारातच जाऊन बसलो, सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सोडता येतं. थंडीनं बोटं गेली होती. आधी दोन माद्या आल्या, निवांत खाऊन गेल्या, आणि बऱ्याच वेळानं त्यांच्याच वाटेवर नाक जमिनीला लावून तो आला, आठ टोकांची शिंगं. पंचवीस यार्डावर आडवा झाला तेव्हा मी तोंडानं बारीक "म्यॅ" केलं, तो जागेवर थांबला, मान वर केली, पुढच्या पायाच्या मागं खालच्या तिसऱ्या हिश्श्यात निशाणा धरून सोडला.
बाणानं जनावर धक्क्यानं मरत नाही, पुढच्या पात्यांनी फुप्फुस कापलं जातं आणि रक्त जाऊन मरतं. बसला नीट तर शंभर यार्डाच्या आत काही सेकंदात पडतं. पण लगेच खाली उतरून पळायचं नसतं, अर्धा तास तरी बसून राहायचं. मग बाण शोधायचा. माझा पलीकडं मातीत रुतलेला होता, पिसांना गुलाबी रक्त आणि त्यात बारके बुडबुडे, म्हणजे फुप्फुस. रक्त काळपट असलं तर लिव्हर, तेव्हा काही तास थांबायचं. बाणाला हिरवं आणि शेणासारखा वास असला तर पोटात लागला, मग अजून जास्त थांबायचं, मागं लागलास तर ते मैलभर जाऊन मरतं आणि सापडत पण नाही. असं होतं, नाही होत म्हणणारा खोटं बोलतो.
माझा रक्ताच्या मागानं ऐंशीएक पावलांवर मिळाला. तिथंच पोट उघडून आतडी काढायची, कोपरापर्यंत हात भरतो, मांस गार व्हायला पाहिजे ना. टॅग लावायचा, दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या आत सरकारला ऑनलाईन नाहीतर फोनवर कळवायचं. मांस एक पौंड पण विकता येत नाही. खा, वाटा, नाहीतर फूड बँकेला द्या. आमच्यात कांदा-खोबऱ्याचं वाटण लावून काळ्या मसाल्यात करतात, एकदा खाऊन बघा.

सिद्धू_४१३:
कुठं मिळतो बे हा क्रॉसबो, ऑनलाईन येतो का

वडाळ्याचा_शेतकरी:
वा रे वा, तिकडं पाटीभर परवाने घेऊन मारतात, आणि इकडं आम्ही वडाळा-नान्नजच्या शिवारात काळविटाला खडा मारायचा झाला तरी आजूबाजूला बघायलाव. हरभरा बोटभर वर आला की कळप उतरला समजा, शेंडे खाऊन पट्टाच्या पट्टा साफ. ज्वारी दुधात आली की परत. मागच्या साली पंचनामा झाला, फोटो झाले, पैसे खात्यात येईपर्यंत पुढची पेरणी झाली होती. जनावराचा राग नाही, ते खाणारच. पण अमेरिकेला चालतं ते आम्हाला का नाही एवढंच सांगा.

अकलूजकर_ओहायो:
तुमचं दुखणं खरं आहे पण गणित वेगळं आहे. ओहायोत 1900 नंतरच्या चारपाच वर्षांत हरीण संपलंच होतं, बेसुमार मारून. मग बंदी, बाहेरून आणून सोडणं, आणि 1937 च्या कायद्यानं बंदुका-काडतुसांवर 11 टक्के टॅक्स, नंतर धनुष्यबाण पण त्यात घातले. तो पैसा राज्याच्या वन्यजीव खात्याला, तो दुसरीकडं वळवता येत नाही. आता एवढी झाली की रोज कुणाच्यातरी गाडीवर आदळतात, आणि ओहायोत लांडगाच उरलेला नाही, मारणार कोण? नान्नजला लांडगा अजून आहे, माळढोकासाठी म्हणून 1979 ला अभयारण्य केलं त्याच माळावर काळवीट तगलं, माळढोक मात्र हाताच्या बोटावर. इथं परवाने वाटले तर पहिला फायदा शेतकऱ्याला नाही, पुण्या-मुंबईच्या गाड्यांना.

कोर्टाच्या_पायरीवर:
वकिली करतो म्हणून थोडं. तिकडे परवान्यावर केलेली शिकार तिकडच्या कायद्याची बाब, सासऱ्यांना सांगा निवांत झोपा. इथे मात्र 1972 चा वन्यजीव कायदा, काळवीट पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत, तीन ते सात वर्षं कैद आणि 2022 च्या दुरुस्तीनंतर दंड किमान 25 हजार. सिद्धू, तुझ्यासाठी खास, शिकारीचा नुसता प्रयत्न केला तरी कायद्याच्या व्याख्येत ती शिकारच.
शिंगं अजिबात आणू देऊ नका. वन्यप्राण्यांचे अवयव असे बॅगेत घालून आणायची सोय नाही, एअरपोर्टला अडकणार. समजा निसटलीच, तर उद्या कुणी तक्रार केली की हॉलमधलं शिंग अमेरिकन आहे, आपल्या चितळाचं नाही, हे सांगत तुम्ही फिरणार. मटणाचं पण तेच, परवान्याशिवाय मांस बॅगेत चालत नाही. मेव्हणा विमानात बसून परत जाईल, कागद तुमच्या नावानं निघतील.
शेतकरी दादा, नुकसान दिसलं की त्याच दिवशी मोबाईलवर फोटो काढा, आणि दोन-तीन दिवसांत वनरक्षकाकडं लेखी अर्ज देऊन पोच घ्या. तोंडी सांगितलेलं कुठंच टिकत नाही.

पार्कचौकवाला:
लई धन्यवाद वकीलसाहेब. मेव्हण्याला हे सगळं वाचायला पाठवलं, आधी म्हणाला "दाजी तुम्ही घाबरता", मग दोन तासांनी मेसेज, शिंगं तिकडंच गॅरेजात लावतो म्हणे. अकलूजकर, त्याला विचारलं बाण किती लांबून सोडला तर पंचावन्न यार्ड म्हणालाय आणि हरीण दुसऱ्या दिवशी सापडलं. आता काय बोलू त्याला?

अकलूजकर_ओहायो:
माझा नंबर दे त्याला. पुढच्या सीझनला माझ्याबरोबर बसव.

वडाळ्याचा_शेतकरी:
पोच घ्यायचं ध्यानात ठेवतो साहेब. चला, दहाला लाईट यायलीय, मोटर चालू करून राखणीला बसायचंय.