द्राक्षं, मीठ आणि वारा : फ्रान्सच्या कातालान किनाऱ्याचे अनुभव

फ्रान्सची वाइन म्हटलं की आपल्या तोंडी बोर्दो येतं. पण स्पेनच्या सीमेला टेकलेला, भूमध्य समुद्रावरचा रूसीयोंचा किनारा फार थोड्या मराठी माणसांनी पाहिलेला असतो. कोलिऊर, पोर-व्हाँद्र, बान्यूल्स आणि सेर्बेर ही तिथली चार गावं. पिरेनीजचा डोंगर इथे थेट समुद्रात उतरतो आणि त्या उतारावर पार पाण्यापर्यंत द्राक्षं. मी दोनदा जाऊन आले, तरी मन भरलं नाही. तुम्ही तिथे राहिला, फिरला असाल तर जरूर लिहा. सहलीचा कार्यक्रम नको, जे डोळ्यांनी पाहिलंत ते सांगा.

पिंपळगावकर

आमची तीन पिढ्यांची द्राक्षबाग. बान्यूल्सला सप्टेंबरात, ऐन तोडणीत पोचलो. आधी नजरेत भरलं ते हे की मांडवच नाही! तार नाही, अँगल नाही. गुडघाभर झुडपं, आपापल्या खोडावर उभी. जमीन म्हणजे पापुद्रे सुटणारा शिस्टचा दगड, माती मूठभर मिळायची मारामार. बांध सगळे बिनचुन्याचे, नुसते दगडावर दगड. मधून दगडी चर तिरपे उतरतात आणि एकमेकांना मिळतात. त्यांना कातालान भाषेत ‘कोंबड्याचा पाय’ म्हणतात. मोठा पाऊस कोसळला की पाणी चरांतून निघून जातं, माती जागेवर राहते. ट्रॅक्टर चढत नाही, सगळं हातानं.

आपल्याकडे एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात गोडी छाटणी. तिथे वेल हिवाळ्यात झोपतो, छाटणी एकदाच. मी डावणीचं, म्हणजे ओल्या पानांवर येणाऱ्या बुरशीच्या रोगाचं विचारलं, तर एका म्हाताऱ्या बागाईतदारानं डोंगराकडे बोट दाखवलं. त्रामोन्तान नावाचा कोरडा वारा वायव्येकडून सुटतो, ओली पानं बघता बघता वाळवतो. त्यांनी ग्रनाश जातीच्या द्राक्षाचा घड हातात दिला. दोन मणी फोडले तर बोटं चिकटली, इतकी गोडी.

रस आंबत असतानाच त्यात मद्यार्क घालतात. आंबणं थांबतं, साखर शिल्लक राहते. ही बान्यूल्सची गोड वाइन. या नावाला १९३६ पासून कायद्याचं संरक्षण आहे. काही ठिकाणी ती काचेच्या मोठ्या बुधल्यांत भरून उघड्यावर, उन्हाथंडीत मुरवतात. अंगणात ओळीनं मांडलेले ते बुधले पाहून आजीच्या लोणच्याच्या बरण्या आठवल्या.

मालवणची लेक

कोलिऊरची माझी आठवण वासाची. अँचोवी नावाची बोटाएवढी मासळी तिथे खारवतात. एक थर मीठ, एक थर मासा, वर दगडाचं वजन, असे काही महिने. आमच्या खाऱ्या बांगड्याची सख्खी मावसबहीणच. एक बाई अंगठ्यानं मासा उकलून काटा अख्खा बाहेर काढत होत्या, एकदाही न तुटता. मी अर्धा तास नुसती बघत राहिले. शेवटी त्यांनीच मला एक तुकडा पावावर ठेवून दिला.

१९०५ च्या उन्हाळ्यात मातीस आणि देरां हे चित्रकार इथेच रंगवत होते. त्या चित्रांतले भडक रंग मला आधी मनचे वाटायचे. संध्याकाळी बंदरावर उभी राहिले आणि मत बदललं.

बेळगावकर

सीमाभागात वाढलेल्याला तिथल्या पाट्या आधी दिसतात. फ्रेंच वर, कातालान खाली. १६५९ च्या तहात हा मुलूख स्पेनकडून फ्रान्सकडे गेला आणि १७०० मध्ये सरकारी कागदांतून कातालान हद्दपार झाली. तरी चौकात सार्दाना हा तिथला नाच सुरू झाला की अनोळखी माणसंही हात धरून गोलात शिरतात. एका आजोबांनी मलाही आत ओढलं. पावलं मोजत नाचायचं असतं. ते कातालानमध्ये मोजत होते, मी मराठीत.

तुलूझनिवासी

मी कोलिऊरला जाते ती अंतोनियो माचादो या स्पॅनिश कवीच्या थडग्यापाशी. स्पेनच्या यादवी युद्धात फ्रँकोच्या फौजांपुढून आईला घेऊन सीमा ओलांडून आला आणि २२ फेब्रुवारी १९३९ ला इथेच गेला. तीन दिवसांनी आई गेली. थडग्याला टपालपेटी आहे, लोक त्याला अजून पत्रं लिहितात. गेल्या खेपेला वारा असा होता की कागद हातात ठरेना. दगडाच्या आडोशाला बसून मी मराठीत चार ओळी लिहिल्या आणि पेटीत टाकल्या.