मदत हवी आहे: जव्हारच्या पोस्टिंगआधी मुंबईच्या नर्सिंग विद्यार्थ्यांना काय शिकवावं?

दादरची_ट्यूटर: बी.एस्सी. नर्सिंगची बॅच पंधरा दिवस पालघर जिल्ह्यातल्या जव्हार तालुक्यात जाणार आहे. 'आदिवासी चालीरीती' हे लेक्चर तयार आहे. तेवढं पुरेल का? गृहभेटीत नेमकं कुठे चुकतं?

पाड्यावरची_एएनएम: ताई, लेक्चर राहू द्या. वारली, कोकणा, कातकरी, ठाकर एकाच यादीत कोंबले की मुली ती यादी घेऊनच घरात शिरतात. त्यापेक्षा विचारायचं कसं ते शिकवा.

सगळ्यात जास्त घोळ एलएमपीत, म्हणजे शेवटच्या पाळीच्या तारखेत. 'शेवटची पाळी कोणत्या तारखेला?' म्हटलं की बाई पाहुणीचं मन राखायला कुठलीतरी तारीख सांगते. त्यावर नऊ महिने सात दिवस मिळवले की ईडीडी (बाळंतपणाची अपेक्षित तारीख) महिनाभर सरकते आणि पूर्ण दिवसांचं बाळ कागदावर अपुऱ्या दिवसांचं होतं. होळीच्या आधी की नंतर? अमावास्या झाली होती का? भाताची लावणी चालू होती का? असं विचारा. मुंबईतच कॅलेंडरवर सण, अमावास्या, लावणी-कापणी आणि तिथला आठवडी बाजार मांडून न्या. वीस आठवड्यांनंतर फंडल हाइट (पोटावरून गर्भाशयाची उंची) टेपने मोजून ताडा: साधारण जितके आठवडे तितके सेंटिमीटर.

दादरची_ट्यूटर: आणि भगताकडे, म्हणजे पाड्यावरच्या मांत्रिक-वैदूकडे जाणारे? मुली तिथेच भाषण सुरू करतात.

पाड्यावरची_एएनएम: भाषण झालं की पुढच्या वेळी ते सांगतच नाहीत. 'आधी कुठे दाखवलं?' एवढंच, साध्या सुरात. बाळाच्या मनगटातला सैल काळा दोरा राहू द्या. जन्मल्याबरोबरची आंघोळ किमान चोवीस तास पुढे ढकला. नाळेवर राख किंवा शेण मात्र अजिबात नाही. रक्तस्राव, झटके, धाप असेल तर वाद न घालता १०८ लावा. भगत सोबत येत असेल तर येऊ द्या.

सिनियर_ट्यूटर: लोहाच्या गोळ्यांची भर घालते. शौच काळी होते हे आधी सांगितलं नाही तर पाकीट फळीवरच राहतं. गोळीने बाळ मोठं होऊन बाळंतपण अडेल, ही भीतीही असते. ती आपणहून विचारा. चहाबरोबर नको, कॅल्शियमबरोबरही नको. 'कळलं का?' विचारू नका, त्याला 'हो'च येतं. 'घरी सासूबाईंना कसं सांगशील?' म्हणा. गुणही यावरच द्या, फॉर्म किती भरले यावर नाही.

पाड्यावरची_एएनएम: दिवाळीनंतर जात असाल तर बरीच घरं बंद दिसतील, माणसं वीटभट्टीवर असतात. रजिस्टरात 'गैरहजर' लिहून सुटू नका. कुठली भट्टी, कधी परत, ते शेजारी आणि आशाताईंना विचारून लिहा.

दादरची_ट्यूटर: डिसेंबरातच आहे पोस्टिंग. कॅलेंडरला आजच बसते.