विंडोज १० चं काय करायचं? (सोसायटी ग्रुप)

सी-४०३ काका: नमस्कार मंडळी. कॉम्प्युटर सारखा सांगतोय, विंडोज १० चा सपोर्ट संपला. ११ टाकायला गेलो तर म्हणे तुमचा पीसी चालणार नाही. दुकानदार म्हणतो नवाच घ्या. अहो, मशीन ठणठणीत आहे!

ए-१०२: काका, प्रोसेसर कुठला आहे? स्टार्टवर राइट क्लिक, मग सिस्टीम.

सी-४०३ काका: आय३-६१००. रॅम ४.

ए-१०२: मग बरोबर. ६१०० म्हणजे सहावी पिढी. ११ ला इंटेलची आठवी किंवा पुढची लागते, शिवाय टीपीएम २.०, म्हणजे मशीनमधली सुरक्षेची चिप.

बी-२०४: ती तपासणी वगळून टाकता येतं. माझ्या मेहुण्याकडे मस्त चालतंय.

ए-१०२: चालतं हो, पण पुढच्या अपडेटची हमी नाही. आणि ४ जीबीवर ११ म्हणजे क्रोम उघडेपर्यंत चहा पिऊन व्हायचा.

बी-५०१ काकू: मी १० वरच आहे. अपडेटच्या पानावर नाव नोंदवलं, ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळतात. मायक्रोसॉफ्टचं खातं लागलं फक्त.

सी-४०३ काका: आणि त्यानंतर?

ए-१०२: लिनक्स मिंट. विंडोजच्या जागी चालणारी दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम, चकटफू. आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून बघा, हार्ड डिस्कला हात लागत नाही. रविवारी पेनड्राइव्ह घेऊन येतो.

बी-२०४: झालं, आता काकांना काळ्या पडद्यावर कमांड मारायला लावणार 😄

*(रविवार)*

सी-४०३ काका: कमांड एकही नाही! खाली डावीकडे मेनू, अगदी विंडोजसारखा. बँकेची साइट उघडली, प्रिंटरने कागद काढला. घोडं अडलं ते सोसायटीच्या जुन्या इतिवृत्तांवर. ‘मा. अध्यक्ष’ लिहिलेलं तिथे नुसती चिन्हं.

ए-१०२: युनिकोडच्या, म्हणजे आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीच्या, आधीचा फॉन्ट आहे तो. फॉन्टची फाइल मिंटमध्ये टाकली की दिसेल. टायपिंगचं मात्र कठीण, तो कीबोर्डचा प्रोग्राम विंडोजवरच चालतो.

सी-४०३ काका: मला इनस्क्रिप्ट, ती युनिकोडची मराठी कीबोर्ड मांडणी, येत नाही रे. या वयात बोटांना नवीन वळण लावू?

ए-१०२: नको, दोन्ही ठेवू. सुरू करताना विचारेल, कशात जायचं. बँक, मेल मिंटमध्ये. इतिवृत्त १० मध्ये, नेटची वायर काढून, म्हणजे अपडेट थांबले तरी धोका नको.

बी-५०१ काकू: फोटोंचा बॅकअप आधी घ्या हो! डिस्कचे भाग पाडताना आमच्याकडे नातवाच्या बारशाचे गेले.

सी-४०३ काका: घेतोय. ४० टक्के झालाय.