अनुभव धागा : पाळकसाहेब, मंडळी आणि दोन श्रीरामपूर

मुळाकाठ :
कामासाठी कोलकत्याला आलोय. रविवार मोकळा होता, हावड्याहून लोकल धरून श्रीरामपूर गाठलं. आईला फोन केला तर म्हणे, "मग मावशीकडे जेवूनच ये." तिच्या डोक्यात आपलं नगरकडचं श्रीरामपूर! हा घोळ घरात जुनाच. आजोबा खेड्यात पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू. पदवीच्या कागदावर सेरामपूर, म्हणजे हेच बंगालातलं श्रीरामपूर. गावाची पक्की समजूत, साहेब एसटीने जाऊन-येऊन शिकले.

इथे विल्यम केरीची कबर पाहिली. केरी बॅप्टिस्ट पंथाचा, आजोबा नव्हेत, पण त्यांच्या उपदेशात केरी हटकून यायचा. इंग्लंडात मोल्टनच्या मंडळीचा, म्हणजे तिथल्या चर्चच्या लोकांचा पाळक. पगारात भागेना म्हणून शाळा चालवायचा, जोडे शिवायचा. त्याच माणसाचं मराठी व्याकरण १८०५ साली इथे बंगालात छापलं गेलं. मदतीला वैजनाथ पंडित. कबरीवर मात्र स्वतःला दीन, असहाय किडा म्हणवून घेतलंय. ते वाचलं आणि आजोबांचा कोपरावर रफू केलेला काळा कोट आठवला.

तुमच्या पाळकांचे, मंडळीचे अनुभव लिहा. पंथ कुठलाही चालेल.

तिखटशेव :
पाळकाची पोर हजर. तीन वर्षांनी बदली ठरलेली. गोट्या खेळायच्या नाहीत, सिनेमा नाही, नाताळात पहिली करंजी आपण उचलायची नाही. दुष्काळात दशांश (मिळकतीचा दहावा भाग मंडळीला द्यायचा तो) म्हणून बाजरी यायची. एकदा जिवंत कोंबडी आली. आम्ही भावंडांनी रडून ती वाचवली, मग तीच वडिलांच्या उपदेशात मध्ये मध्ये ओरडायची.

घाईत_आहे :
😂😂 कोंबडीचं पुढे काय झालं?

जुनी_पेटी :
आमच्याकडे पाळक आणि मंडळीचे पंच यांचं दोन वर्षं भांडण. विषय काय, तर बाजाची पेटी कोणाच्या घरी ठेवायची. शेवटी उपासना टाळ्यांवर.

मुळाकाठ :
केरीलाही हे चुकलं नाही. लेस्टरच्या मंडळीत इतकी बेशिस्त, की १७९० मध्ये त्याने मंडळीच मोडली आणि सभासदांसाठीचा नवा करारनामा मान्य करणाऱ्यांनाच परत घेतलं.

जुनी_पेटी :
आमच्याकडे असं केलं असतं तर पाळक आणि पेटी एवढंच उरलं असतं.

ओसरी :
कुकर लावलाय, थोडक्यात लिहिते. केरीच्या बायकोचं नाव कोणी घेत नाही. डॉरथीला हिंदुस्थानात यायचंच नव्हतं. १७९४ मध्ये पाच वर्षांचा पीटर आमांशाने गेला आणि तिचं मन बिघडलं, ते १८०७ मध्ये ती जाईपर्यंत. त्याच घरात केरीची भाषांतरं चालू. माझी आजी पाळकबाई, म्हणजे पाळकाची बायको. कुणाच्या घरी मयत झाली की रात्री-अपरात्री आधी आजी पोचायची, मग आजोबा. मंडळीच्या अहवालात मात्र आजोबांचंच नाव. शिटी झाली, येते.

मुळाकाठ :
ओसरीताई, हे आजोबांनी कधीच सांगितलं नाही.

नवखा७ :
मी ख्रिस्ती नाही, म्हणून विचारतो. बॅप्टिस्ट वेगळे कसे? आणि रेव्हरंड टिळक बॅप्टिस्टच ना?

तिखटशेव :
टिळक नाहीत, ते अमेरिकन मराठी मिशनचे. १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा झाला. अभंग मात्र सगळ्यांचेच. बॅप्टिस्ट तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देत नाहीत. कळत्या वयात स्वतः विश्वास कबूल करायचा आणि पाण्यात पूर्ण बुडायचं. केरीच्या मिशनमध्ये ख्रिस्ती झालेला पहिला बंगाली, कृष्ण पाल सुतार. खांदा निखळला म्हणून मिशनच्या डॉक्टरकडे आला होता. २८ डिसेंबर १८०० ला हुगळीत बाप्तिस्मा.

फौजी_घर :
ह्यांची पोस्टिंग नागालँडला होती. तिथे बॅप्टिस्टच जास्त, रविवारी बाजार सामसूम. दुधाची पिशवी शनिवारीच आणायची हे शिकायला मला तीन रविवार लागले. शेजारणीच्या मुलीचा बाप्तिस्मा ओढ्यात, ऐन थंडीत. पाळक कंबरभर पाण्यात, एकेकाला बुडवून काढतायत. मला काठावर उभं राहून सर्दी.

घाईत_आहे :
कोंबडी??

तिखटशेव :
बदलीच्या ट्रकमध्ये आमच्यासोबत आली. पुढच्या गावचे पंच म्हणाले, साहेब स्वतःचा दशांश घेऊनच आले.

मुळाकाठ :
आईचा परत फोन. मावशीने पुरण शिजत घातलंय.

जुनी_पेटी :
मावशीचा नंबर दे, मी जवळच आहे, बाभळेश्वरला.