मदत हवी आहे: गावच्या घरातली प्रथमोपचार पेटी

आई-बाबा कोकणात दोघंच राहतात, दवाखाना 12 किमीवर. पेटीत निर्जंतुक गॉझ, कापूस, क्रेप बँडेज, चिकटपट्टी, पोव्हिडोन आयोडीन, ओआरएस, पॅरासिटामॉल आहे. भाजल्यावरचं मलम काढून टाकलं. 20 मिनिटं नळाचं गार पाणीच बरं. साप चावला तर थेट 108, तिथे पेटी काय कामाची!

आई रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेते, म्हणून आयबुप्रोफेन ठेवत नाही. विळीने जरा कापलं तरी तिचं रक्त दहा-पंधरा मिनिटं दाबून धरल्याशिवाय थांबत नाही. त्यात पावसाळ्यात चिकटपट्टीचा गोंद सुटतो, गॉझ ओलसर होतं. स्टीलचा डबा वापरून पाहिला, तोही आतून घाम धरतो.

सत्तरीतल्या माणसाला एका हाताने बांधता येईल असं नेमकं कुठलं बँडेज घेऊ, आणि दमट हवेत ते कशात ठेवू?